‘कोप अप विथ’मधला उपरा ‘अप’

प्रश्न असा आहे: ‘कोप विथ’ म्हणावं की ‘कोप अप विथ’? आणि अशी फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून झालेले प्रयोग, औपचारिक पत्रात चालतात का?

‘कोप विथ’. ‘अप’ नको! मुलाखतीत, भाषणात, नोकरीच्या अर्जात, जिथे तिथे हा ‘अप’ घुसडलेला असतो आणि दर वेळी कानाला खटकतो. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ तोंडात बसलेली असतात, त्यांच्या ओढीने तो इथेही येतो. ‘ईट अप’मधल्या ‘अप’ला निदान काम आहे, आपल्या ‘खाऊन टाक’मधल्या ‘टाक’चं. ‘कोप’जवळ त्याला काहीच काम नाही.

‘कोप’ आला जुन्या फ्रेंचमधून. तिथला ‘कू’ म्हणजे तडाखा, आणि त्याचा माग थेट ग्रीक ‘कोलाफोस’पर्यंत, म्हणजे थोबाडीत मारण्यापर्यंत जातो. ‘कोप विथ’ म्हणजे अक्षरशः दोन हात करणे. पण खरा आनंद आहे तो ‘विथ’मध्ये. जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ ‘सोबत’ नव्हता, ‘विरुद्ध’ होता. ‘विथस्टँड’मध्ये तो अजून शाबूत आहे, ‘विथड्रॉ’मध्ये ‘दूर’ ही छटा आहे. आणि हा ‘विथ’ ‘वियोग’मधल्या आपल्या ‘वि’चा सगोत्र! तो एकटाच नाही. इंग्रजी ‘अप’ आपल्या ‘उप’चा नातलग, ‘ऑफ’ ‘अपहरण’मधल्या आपल्या ‘अप’चा, ‘आउट’ ‘उद्’चा, ‘ओव्हर’ ‘उपरि’चा.

म्हणून माझं ठाम मत आहे की फ्रेजल व्हर्ब म्हणजे धातूपासून सुटा झालेला उपसर्ग. संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो, पण वेदात तो नंतरही येतो आणि मध्ये इतर शब्दही येऊ शकतात, हे पाणिनीने ‘छन्दसि परेऽपि’ आणि ‘व्यवहिताश्च’ या दोन सूत्रांत सांगून ठेवलं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली सातवी ऋचा काढा. ‘उप’ अगदी सुरुवातीला, ‘एमसि’ हे क्रियापद अगदी शेवटी, मध्ये सगळं वाक्य. ‘पुट इट ऑफ’मध्ये ‘इट’ मध्ये येतो म्हणून घाबरणाऱ्यांनी ही ऋचा जरूर पाहावी.

कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या १७५५च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहिलं की अशा काही फ्रेजल व्हर्ब्जचा अर्थ मूळ शब्दांपासून इतका दूर गेला आहे की कितीही बुद्धी चालवली तरी वाट सापडणार नाही. हे मला अजिबात मान्य नाही. एका ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात आणि आपले वैयाकरण त्याचा नियम श्लोकात बांधतात. जॉन्सनना एक वेळ माफ करता येईल, संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांचं संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या नात्यावरचं भाषण त्या कोशानंतरचं, १७८६चं आहे. पण आजही ‘याला तर्क नसतो, यादी पाठ करा’ असं शिकवणाऱ्या व्याकरणाच्या पुस्तकांना कुठली सबब आहे? ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांचे मूळ अर्थ आधी शिकवा, अर्धी यादी आपोआप उलगडते.

राहिलं औपचारिक पत्र. ‘पुट ऑफ’ (पुढे ढकलणे) खोडून ‘पोस्टपोन’ लिहायला लावणाऱ्यांनी लॅटिन बघावं. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. घडण तीच, फक्त उपसर्ग पुढे चिकटलेला. ‘पुट ऑफ’ खुशाल लिहा.