नाशिकमध्ये छत्रीसारख्या फुलांची उंच झाडं बागेत टिकतील का?

तुम्ही विचारलंय की विलायती बागांच्या फोटोत दिसतात तशी माणसाएवढी उंच, छत्रीसारख्या फुलांची, दरवर्षी परत फुटणारी झाडं गंगापूर रोडला अंगणात लावता येतील का, आणि अँजेलिकाचं बी दोनदा टाकून उगवलं नाही. अँजेलिकाचा नाद सोडा बघा. ते थंड मुलखातलं झाड, बी ताजं नसेल तर उगवायची मारामार, आणि एकदा फुलून बी धरलं की बहुतेक मरूनच जातं.

त्यापेक्षा बडीशेप लावा, खरंच सांगते. ती बहुवर्षायू आहे हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, शेतात एका हंगामात काढून टाकतात म्हणून. माझ्याकडची एक तिसऱ्या वर्षात आहे, पाच-साडेपाच फूट होते, पानं पिसासारखी, अंधारातही हात लागला की वास येतो.

बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाका. मुखवासाची बारीक हिरवीगार आणू नका, ती कोवळीच काढलेली असते, आणि भाजलेली तर नकोच नको, बियाण्याच्या दुकानातूनच घ्या. मूळ खोल जातं म्हणून कुंडी नको, आणि एकदा मोठं झालं की जागा बदलू नका. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, माझी पहिली दोन झाडं मुळं कुजून अशीच गेली, तेव्हापासून मी वाळू आणि शेणखत मिसळून वीतभर उंच वरंबा करते आणि त्यावरच लावते.

जानेवारीत पिवळ्या छत्र्या उघडल्या की सकाळी दहाच्या उन्हात जवळ जाऊन उभं राहा. एकेका छत्रीत छोट्या छोट्या छत्र्या, त्यावर मधमाश्या आणि हवेत एका जागी तरंगणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या बारीक माश्या. त्या माश्यांच्या अळ्या मावा खातात, म्हणून दांड्यावर मावा दिसला तरी लगेच औषध मारू नका प्लीज, त्यांना आणि ढालकिड्यांना (लेडीबग, तेही मावा खातात) आठवडाभर तरी द्या, फारच वाढला तर पाण्याचा जोरात फवारा पुरतो.

मधली छत्री आधी पिकते, बाजूच्या मागून, त्यामुळे सगळं एकदम कापायचं नाही, दाणे पिवळसर व्हायला लागले की तेवढ्याच छत्र्या काढून सावलीत वाळवायच्या. सगळं आटोपलं की दांडे जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा आणि पाणी थोडं थोडं चालू ठेवा, बुडातून नवे कोंब येतात.