वर्गात इंग्लंड न्यायचंय? फ्लॅपजॅक करा

*ताई, मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याचा जन्म लेस्टरचा. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही श्टुटगार्टला आलो. पुढच्या महिन्यात शाळेत प्रत्येकाने आधीच्या देशातलं काहीतरी खायला न्यायचंय. मी म्हटलं, आपण बेसनाचे लाडू देऊ, तर तो रुसून बसला. त्याला इंग्लंडचंच काहीतरी न्यायचंय. मला ते पदार्थ धड येत नाहीत. आमच्याकडे अंडं चालत नाही आणि वर्गात २४ मुलं आहेत. काय करू?*

लाडू दिवाळीला द्या. या वेळी त्याचं ऐका.

लेस्टर तुमच्यासाठी नोकरीचं गाव असेल, पण त्याचं ते जन्मगाव आहे. पहिला मित्र, पहिली शाळा, पहिलं दप्तर सगळं तिथलं. नव्या वर्गात जर्मन बोलताना अजून अडखळत असेल, तेव्हा स्वतःचं, माहितीतलं काहीतरी हातात घेऊन त्याला उभं राहायचंय. यात मराठीपण कुठे कमी होत नाही. म्हणून आधी त्यालाच विचारा, मधल्या सुट्टीत काय खायचास? शाळेच्या जत्रेत कशासाठी रांग लावायचास? स्ट्रॉबेरी लावलेला तीन थरांचा केक तो सांगणार नाही. बहुतेक मुलं फ्लॅपजॅक (ओट्सची वडी), फेअरी केक (छोटे कपकेक) किंवा जॅम टार्ट सांगतात.

फेअरी केकला अंडी लागतात, तो बाजूला ठेवू. मी फ्लॅपजॅकच सुचवीन. अंडं नाही, फ्रीज नको, आदल्या संध्याकाळी करता येतो आणि डब्यात चार-पाच दिवस छान राहतो. शिवाय वड्या पाडणाऱ्या हाताला तो परका नाही. एक लक्षात ठेवा, इंटरनेटवर शोधलंत तर अमेरिकेतले फ्लॅपजॅक निघतील. ते म्हणजे पॅनकेक. आपल्याला इंग्लंडची ओट्सची वडी हवी आहे.

३० बाय २० सेंटीमीटरच्या ट्रेला बटर पेपर लावा. २५० ग्रॅम बटर, २५० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि ५ मोठे चमचे गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक) मंद आचेवर एकत्र वितळवा. चमचा आधी गरम पाण्यात बुडवला की सिरप त्याला चिकटून राहत नाही. इथे एक जपा. चिक्कीची सवय असलेला हात पाक उकळायला जातो, गोळी होते का बघायला जातो. ते इथे करायचं नाही. बटर वितळलं, साखर त्यात मिसळली की लगेच गॅस बंद. उकळी आली तर वडी दाताला कडक लागते. मग ५०० ग्रॅम ओट्स घाला. जर्मनीत ओट्स दोन तऱ्हेचे मिळतात, जाड ते केर्निगे आणि बारीक ते त्सार्टे. निम्मे निम्मे घ्या. बारीक ओट्स वडी धरून ठेवतात आणि जाड ओट्सने चावायला मजा येते. ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने घट्ट थापा आणि फॅनच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा.

कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढा. मधला भाग बोटाला मऊ लागेल आणि तुम्हाला वाटेल कच्चं राहिलं. राहिलेलं नसतं, गार होताना ते आळतं. दहा मिनिटांनी, गरम असतानाच, सुरीने काप पाडा. लांबीत सहा, रुंदीत पाच, म्हणजे ३० वड्या होतात. पूर्ण गार होईपर्यंत ट्रेमधून काढू नका, नाहीतर भुगा होईल.

आता गोल्डन सिरप. जर्मनीच्या साध्या सुपरमार्केटमध्ये ते सहसा दिसत नाही. ब्रिटिश किंवा परदेशी किराण्याच्या दुकानात बघा, नाहीतर लेस्टरहून कोणी येणार असेल तर चेक-इन बॅगेतून मागवा. मात्र त्यांना क्रीम किंवा चीज आणायला सांगू नका. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनहून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत. सिरप नाहीच मिळालं तर मध घ्या आणि ओव्हन दहा अंश कमी ठेवा, मध लवकर करपतो. इथलं बीटाचं सिरप काळपट आणि उग्र असतं. घरात काकवी असेल तर तिनेही वडी उत्तम होते, मी केली आहे. पण चव वेगळी येते आणि तुमच्या मुलाला ती पहिल्या घासाला कळेल. त्याच्यासाठी करतोय ना, मग सिरप शोधण्याचा एवढा खटाटोप करावा असं मला वाटतं.

स्कोन, म्हणजे चहासोबत खायचे छोटे गोल इंग्लिश केक, हेही बिनअंड्याचे होतात. ४५० ग्रॅम ४०५ नंबरचा मैदा, बॅकपुल्फरचं (म्हणजे बेकिंग पावडरचं) एक पाकीट, चिमूटभर मीठ, ११० ग्रॅम थंड बटर, ५० ग्रॅम साखर आणि पावणेतीनशे ते तीनशे मिली दूध. बटर बोटांनी पिठात चोळा, साखर घाला, दूध घालून सुरीने कालवा आणि तिथेच थांबा. पोळ्यांची कणीक तिंबणाऱ्या आपल्या हातांना हे जड जातं, पण मळलं की स्कोन दगड होतो. दोन बोटं जाड थापा, छोट्या वाटीने सरळ दाबून कापा, वाटी फिरवू नका. २२० अंशांवर १० ते १२ मिनिटं. मात्र ते त्याच सकाळी करावे लागतात, दुसऱ्या दिवशी मजा जाते. जमत असेल तर जॅम आणि क्रीमच्या जागी मस्कारपोने (मऊ क्रीम चीज) सोबत द्या. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यात स्कोनवर आधी जॅम लावतात, डेव्हनमध्ये आधी क्रीम. मुलाने वर्गाला हे सांगून दोन गट पाडले तर सगळे बोलते होतील.

करण्याआधी शिक्षिकांना ॲलर्जी विचारून घ्या. ओट्समध्ये गव्हाचा अंश येऊ शकतो. ग्लुटेन न चालणारं मूल असेल तर ग्लुटेनविरहित लिहिलेलं पाकीट घ्या आणि तरीही त्याच्या आईवडिलांशी आधी बोला. दाणे, बदाम, अक्रोड काही घालू नका. वर मार्शमेलो लावायचा मोह टाळा, त्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. डब्यावर घटकांची यादी जर्मनमध्ये चिकटवा आणि ती मुलाकडूनच लिहून घ्या.

त्याला वर्गात सांगायला एक गोष्टही द्या. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंड्याची ॲलर्जी होती. म्हणून त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. आपण फ्रूट सॅलडला वापरतो ती हीच. तिला यीस्टही चालत नव्हतं, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर आली. स्कोन फुगतात ते तिच्यामुळेच.

आणि सिरपचा हिरवा-सोनेरी डबा मिळाला तर धुऊन दप्तरात द्या. त्यावर सिंह आणि मधमाश्यांचं चित्र आहे. हे सिरप १८८५ पासून डब्यात मिळतं. २४ मुलं आणि शिक्षिका धरून २५ वड्या जातील. उरलेल्या पाच घरी ठेवा, शाळेतून आल्यावर तो मागेल.