'डाऊन' म्हटलं की डाऊन

ताई, आम्ही नवरा-बायको नेरूळला राहतो, काही महिन्यांपासून रविवारी सकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' गार्डनमध्ये ॲक्रोयोगा (जोडीने करायचा कसरतीचा योगा) करतो. मी बेस, म्हणजे खाली झोपून पेलणारा, ती फ्लायर, म्हणजे वर जाणारी. ती बर्डमध्ये (माझ्या तळपायांवर पालथी, पक्ष्यासारखी) वर गेली की लगेच 'डाऊन डाऊन' सुरू. मी किती वेळा सांगितलं पडू देणार नाही, ट्रस्ट ठेव. तिच्या जागी स्वतःला ठेवून पण बघितलं, मला तर भीती वाटली नसती. मागच्या रविवारी 'घाबरट' म्हटलं तेव्हापासून धड बोलत नाहीये. काय करू? – बेसवाला

अरे बेसवाल्या, 'मला तर भीती वाटली नसती' हे तुझंच वाक्य परत वाच. तिच्या जागी गेलास खरा पण डोकं स्वतःचंच घेऊन गेलास, आणि तू तर मॅटवर पाठ टेकून पडलेला असतोस, तू पडून पडून पडणार कुठे? तिचं सगळं वजन तुझ्या तळपायांवर, हात सोडलेले, तोंड खाली, पडली तर तोंडावर. तुला आभाळ दिसतं, तिला जमीन.

आणि मुळात ती भीतीच आहे हे कोणी ठरवलं? तिला विचारलंस असं अख्ख्या पत्रात कुठे नाही. तुझे पाय कमरेच्या हाडांवर बसायच्या ऐवजी पोटात रुतत असतील, पाळीचे दिवस असतील, टीशर्ट वर सरकत असेल आणि वॉकला आलेले काका वॉक सोडून बघत उभे असतील (असे काका प्रत्येक गार्डनमध्ये असतात, कुठून येतात देव जाणे). हे पण माझे नुसते अंदाज हां, सगळेच चुकीचे असू शकतात. निकोलस एप्ली नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचा एक पेपर छापला होता, त्यात हेच निघालं की स्वतःला समोरच्याच्या जागी कल्पून त्याच्या मनातलं काही जास्त बरोबर ओळखता येत नाही, सरळ त्याच्याशी बोललं की मात्र अंदाज सुधारतो. तर आधी त्या 'घाबरट'बद्दल सॉरी म्हण, त्याला पुढे 'पण' जोडू नकोस, आणि मग विचार, "वर गेल्यावर नक्की काय होतं गं तुला?" आणि गप्प बस. ती बोलत असताना टेक्निक समजावायला लागलास तर संपलं.

दुसरं. ॲक्रोमध्ये 'डाऊन' बेस, फ्लायर, स्पॉटर (बाजूला उभा राहून सांभाळणारा) कोणीही म्हणू शकतं आणि म्हटलं की सावकाश पण लगेच उतरवायचं, त्यावर वर असताना चर्चा नाही. तू 'अगं थांब की जरा, जमतंय' असं म्हणत असशील ना? मग ती लवकर म्हणणारच, कारण तू उशिरा उतरवतोस हे तिला माहितीये. पुढचे काही रविवार पहिल्या शब्दाला खाली आण, कारण विचारलंस तर खाली आल्यावर, आणि तिला नसेल सांगायचं तर राहू दे. आणि स्पॉटर कुठाय तुमचा? पत्रात नाही. कोणीतरी जाणकार तिच्या कमरेजवळ हात धरायच्या तयारीत उभा असला तर तिला एकट्या तुझ्या शब्दावर लटकावं लागणार नाही.

रोल बदलून बघा असं सगळे सांगतील. बघ, पण तुझं वजन पेलणारा अनुभवी बेस आणि स्पॉटर गाठून, पहिल्याच दिवशी तिच्या पायांवर चढू नकोस. आणि वर तुला मजा आली तर ती तुझी मजा, तिला पण यायलाच पाहिजे असं काही नाही.

तुझंही तिला सांग बरं का. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की पाय सरळ राहत नाहीत, मग वजन हाडांवर न येता मांड्यांवर येतं, तिने कंबर सैल सोडली की तुझे पाय थरथरतात, हे तिला वरून कळत नाही. तू पण डाऊन म्हणू शकतोस, त्यात कमीपणा नाही.

विचारल्यावर ती म्हणाली की मला हे करायचंच नाहीये, तुझ्यासाठी येत होते, तर ते पण उत्तरच आहे, ऐकून घे. आणि प्रॉब्लेम त्या काकांचा निघाला तर सोप्पं आहे, सोसायटीचा हॉल मागा, फक्त सेक्रेटरीला आधी नीट सांगून ठेवा काय करणार आहात ते, नाहीतर पुढच्या मीटिंगला तोच विषय.