वाढत्या कुटुंबासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. सात आसनांची घ्यावी, की मोठ्या डिकीची पाच आसनांची?

आपण लिहिता की मोठे मूल तीन वर्षांचे आहे, दुसरे चार महिन्यांत येणार आहे, आजी-आजोबा अधूनमधून सोबत असतात आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘घ्यायचीच तर सातची घ्या’ असा आग्रह धरत आहेत. पेट्रोल घ्यावी की डिझेल, असेही आपण विचारले आहे. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण ‘सातची घ्या’ हे शब्द वाचून मला राहवले नाही, कारण सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या दिरांनी आमच्या घरात हेच वाक्य इतक्या ठामपणे उच्चारले होते की त्यापुढे कोणाचे काही चालले नाही, आणि पुढची दोन वर्षे आम्ही ते निस्तरत होतो.

भाऊजींना गाड्यांमधले कळते, असा आमच्या घरात समज आहे आणि तो खोटा नाही. बॉनेट उघडून दोन मिनिटे कान दिला की कोणते बेअरिंग गेले आहे ते सांगतात. मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात एकही चाइल्ड सीट स्वतःच्या हाताने बसवलेली नव्हती. गाडी बघायला निघताना मी पिशवीत मोजपट्टी टाकली, तेव्हा ते म्हणाले, “अगं, गाडी घ्यायला चाललोय, पडद्याचं कापड नाही.” सगळे हसले, मीही हसले आणि मोजपट्टी घरी राहिली. त्या दिवशी पाच वर्षे वापरलेली, उंच, चकचकीत, सात आसनांची गाडी पक्की झाली. इंजिन खरोखरच उत्तम होते, हे आजही मान्य करते.

गाडी घरी आल्यावर मी दोन्ही चाइल्ड सीट बसवल्या. आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवण्याच्या धातूच्या कड्या, बहुतेक गाड्यांप्रमाणे मधल्या रांगेत खिडकीकडच्या दोन जागांना होत्या. एका जागेच्या दोन कड्यांमधले अंतर सगळीकडे २८० मिलिमीटरच असते, त्यामुळे सीट ‘खट्ट’ आवाज करून जागच्या जागी बसल्या आणि मला फार बरे वाटले. अडचण ध्यानात आली ती नंतर. तिसऱ्या रांगेत शिरण्यासाठी मधल्या रांगेतले कडेचे आसन दुमडून पुढे लोटावे लागते आणि त्यावर चाइल्ड सीट पक्की केलेली असेल तर ते दुमडत नाही. दोन्ही कडांना सीट, म्हणजे दोन्ही वाटा बंद. दोन सीटच्या मधे जेमतेम वीतभर जागा उरली होती, तीत मोठ्या माणसाने बसायचे म्हणजे श्वास रोखूनच. कागदोपत्री सात जणांच्या त्या गाडीत आम्ही धडपणे बसत होतो चौघे.

पुढच्या रविवारी सासूबाई आणि सासरे बरोबर येणार होते. मी अडचण सांगितली, तर भाऊजी म्हणाले की त्यात काय, मागून डिकीतून चढायचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे त्यांच्या गावीही नव्हते. किती सोपे आहे ते दाखवण्यासाठी ते स्वतः बूट काढून डिकीतून आत शिरले, तिसऱ्या रांगेच्या पाठीवरून पाय टाकून पलीकडे उतरले आणि गुडघे छातीशी घेऊन विजयी मुद्रेने बसले. माझ्या मोठ्या मुलाने तेवढ्यात डिकीचे दार ओढून लावले. आतून ते उघडण्याची सोय नव्हती, बहुतेक गाड्यांत नसतेच. त्यात गाडीने आपोआप कुलूप लावून घेतले आणि किल्ली होती भाऊजींच्या खिशात. काचेवर टकटक करणारे भाऊजी आणि बाहेर टाळ्या वाजवणारा मुलगा हे दृश्य मी कधीही विसरणार नाही. अखेर त्यांनी तिथूनच किल्लीचे बटण दाबले आणि आम्ही त्यांना बाहेर काढले. सासूबाई तोपर्यंत घरात परतल्या होत्या. त्या गाडीच्या तिसऱ्या रांगेत त्यानंतर कोणी बसल्याचे मला आठवत नाही.

बाबागाडीची कथा वेगळी नाही. तिसरी रांग उभी असताना तिच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत २७ सेंटिमीटर जागा होती, आणि आमच्या बाबागाडीची घडी चाकांसकट ४१ सेंटिमीटर जाड. मग रांग पाडायची, तेव्हा बाबागाडी मावायची. म्हणजे पुन्हा पाचचीच गाडी, फक्त वजनाने जड आणि तेल जास्त पिणारी. शिवाय वजनाचा हिशेब तर कोणी करतच नाही. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन दिलेले असते; त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे आणि सामान मिळून किती भार चालतो ते कळते. ७० किलोची सात माणसे म्हणजे ४९० किलो झाले. तीन रांगांच्या लहान गाड्यांत यानंतर सामानासाठी फारसे काही उरत नाही, आणि जास्त भार घातला की त्याचा ताण ब्रेक, टायर आणि मागच्या सस्पेन्शनवर येतो. तिसऱ्या रांगेच्या डोक्यामागे डिकीचे दार किती जवळ असते, हे एकदा स्वतः मागे बसून पाहा आणि मग तिथे मुलांना बसवायचे की नाही ते ठरवा.

दोन वर्षांनी ती गाडी विकली आणि दुसरी शोधताना मी स्पष्ट सांगितले की या वेळी मोजपट्टीच नव्हे, तर बाबागाडी आणि दोन्ही चाइल्ड सीटसुद्धा बरोबर येतील. विकणारे तोंड वाकडे करतात, करू द्यावे. मागे तोंड असलेली सीट चालकाच्या मागे बसवून पाहावी आणि मग घरातल्या सर्वांत उंच माणसाला चालकाच्या जागी बसवावे, कारण ही सीट पुढे-मागे इतकी जागा खाते की पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आपल्या धाकट्यासाठी हे महत्त्वाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या चाइल्ड सीटसाठीच्या सुरक्षा मानकाच्या सीटमध्ये मूल किमान १५ महिन्यांचे होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचे असते आणि त्याहून अधिक काळ बसवता आले तर चांगलेच. अशी सीट पुढच्या जागी ठेवायची वेळ आली तर तिथली एअरबॅग बंद करता येते का, हे आधी तपासावे. चालू एअरबॅगसमोर ती सीट कधीही ठेवू नये. पुढेमागे तिसरे मूल झाले तर काय, हेही मोजूनच ठरवावे. ४४ सेंटिमीटर रुंदीच्या तीन सीट शेजारी-शेजारी म्हणजे १३२ सेंटिमीटर, वर पट्ट्यांची बकले अडकवायला हात घालण्याएवढी जागा हवी. हे गणित जमवणाऱ्या पाच आसनी गाड्या थोड्या आहेत.

त्या शोधात भाऊजींना एक गाडी फार आवडली. आतून नवी कोरी वाटावी इतकी स्वच्छ, सुगंधी आणि किंमत अपेक्षेपेक्षा कमी. मला तो सुगंधच खटकला. मी मागच्या आसनाचा पट्टा धरून ओढत राहिले, अगदी रीळ संपेपर्यंत. एरवी जो भाग कधी बाहेर येत नाही, त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी डाग होता आणि तो एका सरळ रेषेत संपत होता. पाणी कुठवर चढले होते, ते त्या रेषेने सांगितले. मग स्टेपनी उचलली, तर तिच्याखालच्या खळग्यात पिठासारखा बारीक गाळ सापडला आणि आसनाच्या रुळांचे स्क्रू गंजून तांबडे झालेले दिसले. विकणारा म्हणाला की मुलाच्या हातून पाण्याची बाटली सांडली होती. पुरात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगचे दुखणे सहा महिन्यांनी, वर्षाने, केव्हाही उपटते, आणि एअरबॅगची जोडणीही त्याच वायरिंगमधून जाते. आम्ही निघालो. वाटेत भाऊजी एवढेच बोलले, “गाडी चालते कशी ते बघायचं, पट्टे काय ओढत बसायचं!” त्यांना उत्तर द्यायचे तेव्हा राहून गेले, ते आज इथे देत आहे.

न्यायाने सांगायचे तर इंजिन पूर्ण थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून पाहायचे, हा त्यांचा नियम मी जसाच्या तसा घेतला. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम लागले तर परत फिरावे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे; गाडी तापल्यावरही थांबत नसलेला पांढरा दाट धूर म्हणजे कूलंट आत शिरत असावे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर पाहावे. आकडा ४०,००० सांगतो आणि रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, असे असेल तर रबर खरे बोलते. टायरच्या बाजूवरचे चार अंक पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चारही टायर चार वेगवेगळ्या जातींचे निघाले, तर मालकाने बाकीची देखभालही तशीच केली आहे असे समजावे.

आम्ही शेवटी घेतली ती आठ वर्षांची, एकाच मालकाची, लांब डिकीची पाच आसनी. रंग मला अजिबात आवडत नाही. तिचे सर्व्हिस बुक भरलेले होते, फक्त टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा, बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून ते काम ठरल्या किमतीतून वजा करून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात उरकले. हा बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, ते प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत असते, आणि जी मर्यादा आधी येईल ती पाळायची असते. अनेक इंजिनांमध्ये तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका पट्ट्यापायी सगळे इंजिन खोलावे लागते. काही इंजिनांना बेल्टऐवजी चेन असते, तिथे थंड इंजिन सुरू होताना होणारी खडखड ऐकावी. नोंद दिसत नाही म्हणजे काम झालेले नाही असेच धरावे, ‘मागच्याच वर्षी केलंय’ या शब्दांवर जाऊ नये.

आता पेट्रोल की डिझेल. आपले फिरणे शाळा, दवाखाना आणि बाजार एवढेच असेल तर पेट्रोल घ्या. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडत नाही. फिल्टर तुंबला की खर्च मोठा. दर आठवड्याला लांबचा प्रवास होत असेल तर डिझेलचा विचार करायला हरकत नाही.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. गाडी घसरू लागली की चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा १९९५ पासून उत्पादनातल्या गाड्यांत येऊ लागली, पण ती सर्व गाड्यांत यायला बरीच वर्षे गेली. आपण पाहत असलेल्या नेमक्या गाडीत ती आहे का, ते विचारून घ्यावे. अपघात-चाचणीचे तारे पाहाल तर चाचणीचे सालही पाहा, कारण निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत.

इतके लिहिल्यावर मला हेही सांगितले पाहिजे की सरकत्या दारांच्या, मुळातच मोठ्या व्हॅनना माझे बरेचसे आक्षेप लागू होत नाहीत. त्यांत मधल्या रांगेतली आसने सुटी असतात, मागे जायला मधून वाट असते आणि तिन्ही रांगा भरल्यावरही डिकी उरते. चाइल्ड सीट न काढता आसन पुढे कलते अशाही काही गाड्या आहेत. आजी-आजोबा आपल्यासोबत रोज प्रवास करणार असतील तर आपल्याला सात आसने लागतीलच, तेव्हा अशीच एखादी पाहावी, आणि ती पाहताना आजींना प्रत्यक्ष बरोबर न्यावे. महिन्यातून एकदाच येणार असतील, तर त्या एका दिवसासाठी उरलेले एकोणतीस दिवस जड गाडी ओढण्यात काही अर्थ नाही. त्या दिवशी दोन गाड्यांनी जावे. भाऊजींना हे अजूनही पटलेले नाही.

बाबागाडी मोजताना मात्र चाके काढून मोजू नका. झोपलेले मूल एका खांद्यावर असताना दुसऱ्या हाताने चाके कोणी काढत नाही.