गोव्यातली खाणमालक घराणी इतकी मोठी कशी झाली? खाणीवरच्या गावांना त्यातून काय मिळालं?

या घराण्यांना कुणी ‘लोखंडाचे कारखानदार’ म्हणत असेल, तर तो शब्द आधी बाजूला काढू. युरोपातल्या लोखंडवाल्या घराण्यांच्या स्वतःच्या भट्ट्या असायच्या. आमच्याकडे तसं नव्हतं. लोहखनिजाची लाल माती काढायची, चाळायची-धुवायची आणि जहाजात भरून परदेशी पाठवायची, एवढाच धंदा. आमोण्याला कच्च्या लोखंडाची भट्टी आली ती थेट नव्वदच्या दशकात, आणि तीही या जुन्या घराण्यांपैकी कुणाची नव्हे. आमचे खाणमालक मुळात व्यापारी होते.

माझं घर डिचोली तालुक्यात. आजोबा खाणीवर मुकादम होते. वडिलांनी आधी दुसऱ्याचा आणि मग कर्ज काढून स्वतःचा टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवला. माझं शिक्षण त्याच पैशावर झालं, तेव्हा पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

घराणी मोठी झाली त्याच्या मुळाशी एक कागद आहे. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज खाण कायद्यानुसार खनिजाचा शोध सरकारदरबारी नोंदवायचा, सोपस्कार पुरे झाले की ‘कन्सेशन’ मिळायचं. त्याला मुदत नव्हती. कर भरत राहा, अटी पाळत राहा, मुलाबाळांपर्यंत हक्क तुमचाच. वरची जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक) असो की भाटकाराची (जमीनदाराची), खालचं खनिज काढायचा हक्क कन्सेशनवाल्याचा. पहिली चाळीसेक वर्षं या कागदांना फारसं कुणी विचारत नव्हतं. मग दुसरं महायुद्ध संपलं. जपानला पोलादाचे कारखाने पुन्हा उभे करायचे होते आणि खनिज हवं होतं. चौगुले तेव्हा मुरगाव बंदरात जहाजांवर माल चढवण्या-उतरवण्याच्या धंद्यात होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा जपान्यांशी करार झाला, शिरगावच्या खाणीसाठी यंत्रं आली आणि त्यांची फेड खनिजातून व्हायची होती. पाठोपाठ धेंपे (पाटीवरचे ‘डेंपो’), साळगावकर, तिंबलो, बांदेकर अशी नावं पुढे आली. १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर सेझा गोवा निघाली. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, पण खनिज समुद्रमार्गे जपान-युरोपला जात असल्याने खाणींचं काही अडलं नाही. उलट पोर्तुगीजांना त्यांची गरज वाढली.

१९६१ नंतरची गोष्ट मराठी वाचकांना जास्त जवळची वाटेल. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतः खाणमालक. पक्ष मात्र बहुजनांचा, महाराष्ट्रवादी गोमंतक. त्यांच्याच कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा झाला आणि भाटकारांच्या दारात उभं राहणाऱ्या कुळाला संरक्षण मिळालं. आमच्या घरात आजही त्यांची तसबीर आहे. आजोबा सांगत, ‘भाऊंनी शेत दिलं.’ शेताच्या वरच्या डोंगरावर खाण होती, पण त्याबद्दल आजोबा कधी बोलले नाहीत.

चौगुल्यांनी १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक काढलं, बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. धेंप्यांनी १९६३ मध्ये इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ आणि १९७० मध्ये मराठी ‘नवप्रभा’ काढलं. पुढे साळगावकरांनी कोकणी ‘सुनापरान्त’ सुरू केलं. म्हणजे मराठी की कोकणी, महाराष्ट्रात विलीनीकरण की स्वतंत्र अस्तित्व, या गोव्याच्या सगळ्यात कडाक्याच्या भांडणात शाईचा खर्च बराचसा लाल मातीतून निघत होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारलं, तेव्हाही लोक यांतली ‘गोमन्तक’ आणि ‘नवहिंद टाइम्स’ ही पत्रं वाचून वाद घालत होते. कॉलेजंही तशीच, मडगावचं चौगुले, पणजीचं धेंपे. फुटबॉलचे साळगावकर आणि धेंपो क्लब तर भारतभर माहीत. ज्या घरचा पेपर वाचायचा, ज्यांच्या कॉलेजात शिकायचं, ज्यांच्या संघासाठी ओरडायचं, त्यांच्या खाणीविरुद्ध गावात सभा घ्यायची म्हणजे किती अवघड, याची कल्पना करा. घेणारे होते. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता गावाकडे येतो. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो टाकायचा कुठे? शेतांच्या डोक्यावर. त्याचे डोंगर झाले, आम्ही त्यांना ‘डंप’ म्हणतो. पावसात तो गाळ ओहळातून शेतात उतरायचा, भाताच्या रोपांवर लाल चिखल बसायचा. खाण खोल गेली की झऱ्यांचं पाणी खड्ड्यात येतं, ते उपसावं लागतं आणि भोवतालच्या विहिरी आटतात. आमच्या घरामागची विहीर माझ्या शाळेच्या दिवसांत आटली. मग खाणीकडून टँकर यायला लागला. त्या टँकरवर माझा मामाच ड्रायव्हर होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? शिरगाव तर चहूबाजूंनी खाणींनी वेढलेलं. तिथली लईराई देवीची जत्रा, होमखणातून म्हणजे निखाऱ्यांवरून चालणारे धोंड (व्रत करणारे भक्त), हे तुम्ही ऐकलं असेल. त्या गावाच्या पाण्याची कथा वर्षानुवर्षं कोर्टात चालली.

वाहतुकीचं तंत्र मात्र बघण्यासारखं होतं. खाणीवरून टिप्परने माल नदीकाठच्या जेटीवर, तिथून बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने, मांडवीतून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आणि लाटा, तिथून बार्ज नेणं धोक्याचं. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत शिरून मुरगाव गाठायचं. ड्रायव्हरला पैसे खेपेवर. म्हणून वेग, म्हणून अपघात. कुडचडे-सावर्ड्याच्या रस्त्यावर एका बाजूने भरलेल्या ट्रकांची रांग आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्यांची, मध्ये शाळेची पोरं तोंडाला रुमाल बांधून चालत.

चीनची मागणी आल्यावर सगळं हाताबाहेर गेलं. पूर्वी डंपवर फेकलेला हलका मालसुद्धा विकला जाऊ लागला. २०१०-११ मध्ये वर्षाला पाच कोटी टनांच्या वर निर्यात गेली. ज्याने त्याने ट्रक घेतला, ज्याला परवडलं त्याने बार्ज बांधली. धेंप्यांनी २००९ मध्ये आपला खाणधंदा सेझा गोवाला १,७५० कोटींना विकला. वेळ अचूक साधली म्हणायची.

कारण तो १९०६ चा कागद तेव्हा आतून संपलेला होता. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून कन्सेशनं रद्द केली आणि २० डिसेंबर १९६१ पासूनच त्यांची लीज (मुदतीचा भाडेपट्टा) झाली असं ठरवलं. खाणमालक कोर्टात गेले, खाणी चालूच राहिल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सगळ्या लीज २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्या होत्या. म्हणजे वडिलांनी ज्या पाच वर्षांत सगळ्यात जास्त खेपा मारल्या, तो माल कायद्याने कुणाचाच नव्हता, म्हणजे सरकारचा होता. पुढे ८८ लीजचं नूतनीकरण झालं, तेही न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केलं. मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं ठप्प. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक शब्द रुळला, ‘खाण अवलंबित’. माणसाची ओळख म्हणून तो वाचताना मला अजूनही विचित्र वाटतं, पण आमच्या घराला तो तंतोतंत लागू होता. मोर्चाला वडील गेले होते, मीही गेलो होतो.

घराण्यांचं आता काय, तर त्यांतल्या बहुतेकांचे धंदे केव्हाच पसरले होते: जहाजं, बांधकाम, हॉटेलं, औषधं. डिसेंबर २०२२ मध्ये खाणींच्या गटांचे लिलाव सुरू झाले. डिचोलीचा पहिला गट वेदांताकडे गेला, पण पुढच्या गटांच्या यादीत साळगावकर, बांदेकर, फोमेंतोचे तिंबलो ही नावं परत दिसली. घराणी बदलली नाहीत, कागद बदलला. आता त्याला मुदत आहे.

आमचा टिप्पर २०१९ मध्ये भंगारात दिला. कर्जाचे हप्ते त्यानंतरही दोन वर्षं चालू होते. विहिरीला मधल्या बंदच्या वर्षांत पाणी आलं, मे महिन्यातसुद्धा कळशी बुडेल इतकं. गेल्या वर्षापासून वरच्या डोंगरावर परत पोकलेनचा आवाज येतो, आणि आई रोज सकाळी दोर सोडून पाणी मोजते.