पायी खंड ओलांडणाऱ्यांचे पाय टिकतात तरी कसे?

प्रश्न: काही माणसं एका खंडातून दुसऱ्या खंडात पायी जातात म्हणे. त्यांचे पाय कसे टिकतात? मी लातूरचा, वय 26. मलाही असं काही करायचंय. जमेल का?

उत्तर: मी खंडबिंड ओलांडलेले नाहीत. गंगाखेड ते पंढरपूर एवढंच माझं चालणं, नऊ आषाढ्या. परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर अशी वाट. साधारण 300 किलोमीटर, 15 दिवस. म्हणजे रोजचे 20.

आता कॅनडातल्या जाँ बेलिव्होचं बघा. 18 ऑगस्ट 2000ला, आपल्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, हा गडी मॉन्ट्रियलहून निघाला आणि 16 ऑक्टोबर 2011ला घरी परतला. 64 देश, सुमारे 75,000 किलोमीटर. ऐकून छाती दडपते, पण भागाकार केला की रोजचे साडेअठराही भरत नाहीत. जॉर्ज मीगन 1977 ते 1983 या काळात दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अलास्काच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत चालला. 2,425 दिवसांत सुमारे 30,600 किलोमीटर, म्हणजे रोजचे तेरासुद्धा नाहीत. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी आमच्या दिंडीतली सत्तरीची आजी या दोघांच्याही पुढं! अर्थात त्यांच्या सरासरीत आजारपणं आणि मुक्काम धरलेत. आणि आजीला पंधराव्या दिवशी चंद्रभागा दिसते, बेलिव्होला अकरा वर्षं घर दिसलं नाही.

पायांचं म्हणाल तर खरे हाल पहिले चार दिवस. पिंढऱ्या भरतात, मांड्या घासून सोलवटतात, तळव्याला फोड येतात. फोड येतो तो घाम आणि घर्षणानं, म्हणून मोजे कोरडे ठेवायचे आणि सकाळीच खोबरेल चोळायचं. दुपारनंतर पाऊल सुजतं, तेव्हा बूट संध्याकाळी विकत घ्यावा आणि एक नंबर मोठा घ्यावा. फोडात सुईनं दोरा ओवून तो तसाच ठेवायची पद्धत आमच्यात आहे. मीही करायचो. चौथ्या वर्षी पू झाला आणि डॉक्टरांनी चांगलंच झापलं. तुम्ही त्या फंदात पडू नका. बेलिव्होला 54 जोड बूट लागले. म्हणजे एक जोड सुमारे 1,400 किलोमीटर, आपल्या हिशेबानं साडेचार वाऱ्या.

ओझं ही मात्र वेगळी गोष्ट. आमचं सामान ट्रकमध्ये असतं, आम्ही टाळ वाजवत मोकळे चालतो. बेलिव्हो लहान पोरांची तीनचाकी गाडी ढकलत गेला. अमेरिकेतला डेव्ह कुन्स्ट 1970मध्ये भाऊ जॉनबरोबर पायी जगप्रदक्षिणेला निघाला, त्यांचं ओझं खेचराकडं. 1972मध्ये अफगाणिस्तानात लुटारूंनी गोळ्या झाडल्या, त्यात जॉन गेला. डेव्ह बरा होऊन दुसऱ्या भावासोबत त्याच जागेवरून पुन्हा निघाला आणि 1974ला घरी पोचला.

तरी माझ्या मते या लोकांना सगळ्यात जास्त अडवलं ते कागदांनी. कार्ल बुशबी 1998ला चिलीतल्या पुंता अरेनासहून इंग्लंडमधल्या आपल्या हल गावाकडं निघाला, वाहनात बसायचं नाही असं ठरवून. 2006मध्ये तो बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या बर्फावरून रशियात उतरला. आणि धरला कशावरून? ठरलेल्या नाक्यावरून आला नाही म्हणून! पुढं व्हिसा मिळायचा 90 दिवसांचा, तर सैबेरियाची दलदल गोठल्याशिवाय ओलांडता येत नाही. नंतर रशियानं बंदीच घातली, तेव्हा हा लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनच्या रशियन वकिलातीपर्यंत चालत गेला, दाद मागायला. 2024मध्ये इराण आणि रशिया दोन्ही टाळायला कॅस्पियन समुद्र पोहून गेला. पंचवीस वर्षं उलटली त्याची या वाटेवर.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. 1962मध्ये सतीशकुमार आणि ई. पी. मेनन अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीच्या राजघाटावरून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनला निघाले, समुद्र तेवढा जहाजानं. विनोबांनी त्यांना बजावलं होतं, जवळ पैसा ठेवू नका. का, तर पैसा असला की दमलेला माणूस हॉटेल गाठतो. नसला की कुणाचं तरी दार वाजवावं लागतं आणि बोलणं सुरू होतं. आमच्याकडं वारीच्या वाटेवर पिठलं-भाकरी घेऊन माणसं आधीच उभी असतात, त्यामुळं हे मला पटायला वेळ लागला नाही. सोव्हिएत संघातल्या चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी या दोघांना चहाचे चार पुडे दिले, चार अणुसत्तांच्या पुढाऱ्यांसाठी: बटण दाबायचं मनात आलं तर आधी थांबून कपभर चहा घ्या म्हणाव.

तर तुम्ही बूट नंतर बघा. आधी पाकिस्तानकडचा वाघा आणि मणिपुरातला म्यानमारकडचा मोरे या दोन नाक्यांपलीकडं तुम्हाला कोण, किती दिवस चालू देईल याची चौकशी करा. तोवर आषाढीला गंगाखेडला या. चला आमच्यासोबत, फक्त तुमची पिशवी ट्रकमध्ये टाकायची नाही.