यंत्राला हुशार व्हायला जाणीव लागते का? आणि नसेल लागत तर आपल्याला ती कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंत्रं माणसाइतकी हुशार व्हायची तर त्यांना जाणीव लागेलच का, आणि लागणार नसेल तर निसर्गानं आपल्याला ती दिली तरी कशासाठी? पहिल्या भागाचं माझं उत्तर सरळ आहे: नाही लागत. गोम दुसऱ्या भागात आहे, आणि तिच्यात शिरलं की पहिलं उत्तरही थोडं डळमळतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाची जाणीव घालवायची आणि ऑपरेशन झालं की सुखरूप परत आणायची, हाच आमचा पेशा. त्यामुळे मला हा प्रश्न उलट्या टोकाकडून दिसतो. जाणीव गेली की काय काय बंद पडतं आणि काय काय बिनबोभाट चालू राहतं?

चालू बरंच राहतं. पेशंट पूर्ण भुलीखाली आहे आणि सर्जननं पहिला छेद घेतला, की मॉनिटरवर नाडी चढते, रक्तदाब वर सरकतो, कधी डोळ्याच्या कडेला पाणी येतं. शुद्धीवर आल्यावर विचारा, त्याला यातलं काही ठाऊक नसतं. इजेची खबर मज्जातंतूंतून वर पोचली, शरीरानं तिला जबाबही दिला, पण दुखलं कुणालाच नाही. तरी आम्ही फेंटॅनिलसारखं वेदनाशामक देतोच, कारण हृदयावर येणारा ताण खराच असतो. म्हणजे इजा ओळखणं आणि त्यावर उपाय सुरू करणं, हे सगळं 'वाटण्या'शिवाय होतं.

लहान मेंदूचं उदाहरण तर मला याहून बोलकं वाटतं. आपल्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात. तोल, हालचालींची अचूक वेळ, बोलण्यातली सफाई असलं किचकट गणित तो सतत सोडवत असतो. तो निकामी झाला तर माणूस झोकांड्या खातो, अडखळत बोलतो. पण त्याचं दिसणं, ऐकणं, दुखणं जागच्या जागी असतं. त्यामुळे आकडेमोड वाढवत नेली की एक दिवस जाणीव आपोआप उगवेल, हे मला पटत नाही. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं बुद्धिबळात जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवलं, २०१६ मध्ये अल्फागो या प्रोग्रॅमनं 'गो' या पटावरच्या खेळात ली सेडॉल या अव्वल खेळाडूला ४-१ असं हरवलं. जिंकल्याचा आनंद त्यांना झाला असं कुणी म्हणत नाही, आणि त्यामुळे खेळात काही उणंही पडलं नाही.

मग जाणीव फुकटचीच? टॉमस हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये तसंच म्हटलं होतं: वाफेच्या इंजिनाची शिटी वाजते, पण शिटीमुळे गाडी चालत नाही, जाणीवही तशीच. यावर विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं काढलेला मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो. ती नुसती शिटीच असेल, तर ज्यानं शरीराचं नुकसान होतं तेच दुखतं आणि ज्यानं भलं होतं तेच सुखावतं, हा मेळ बसला कसा? भाजल्यावर गुदगुल्या झाल्या असत्या तरी गाडी तशीच चालली असती की.

प्रयोगांतही धागेदोरे सापडतात. लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये डी. बी. या पेशंटबद्दल लिहिलं. मेंदूचा उजवीकडचा, दृष्टीचा भाग शस्त्रक्रियेत काढलेला. डाव्या बाजूचं काहीच दिसत नाही असं तो सांगे. पण अंदाजानं बोट दाखव म्हटलं की बोट बरोबर प्रकाशाच्या ठिपक्याकडे जाई. जाणीव निरुपयोगी आहे म्हणणारे हे उदाहरण हमखास देतात. त्यात एक बाब निसटते. अशा पेशंटांना अंदाज करायला भाग पाडावं लागतं. त्या बाजूच्या माहितीवर आपणहून ते सहसा काहीच करत नाहीत. माहिती मेंदूत पडून असते आणि माणसाच्या उपयोगी पडत नाही.

दुसरा प्रयोग १९९८ मधला, रॉबर्ट क्लार्क आणि लॅरी स्क्वायर यांचा. आधी एक सूर ऐकवायचा, मग डोळ्यावर हवेचा झोत सोडायचा. सूर चालू असतानाच झोत आला तर लोक आधीच पापणी मिटायला शिकतात, दोन्हींचा संबंध लक्षात आला नसला तरी. पण सूर थांबल्यावर क्षणभर शांतता ठेवून मग झोत सोडला, तर तो संबंध ध्यानात आलेले लोकच शिकले. पुढे यावर वाद झाले. तरी मधली रिकामी जागा पार करून गोष्ट धरून ठेवायला जाणीव हातभार लावते, ही कल्पना मला रास्त वाटते. बर्नार्ड बार्स या मानसशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये मांडलेला सिद्धांतही याच वाटेचा: एका कोपऱ्यातली माहिती साऱ्या मेंदूला जाहीर होते, आणि ती जाहीर होणं म्हणजेच जाणीव.

इथे यंत्रवाले म्हणतील, मग सोपं आहे, यंत्रातही माहिती सगळ्या भागांना जाहीर करू. करा. त्यानं काम होईलही. आतून काही वाटेल का, हा डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाचा १९९५ पासूनचा 'कठीण प्रश्न' तरीही उरतो, आणि मी तो सोडवणार नाही.

मला जास्त शिकवलं ते पॉल ब्रँड या सर्जनच्या अनुभवानं. ते आधी वेल्लोरला आणि नंतर अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला कुष्ठरुग्णांवर उपचार करत. रुग्णांची बोटं रोगानं आपोआप 'झडत' नाहीत. दुखणंच कळत नसल्यानं जखमा, भाजणं, ओरखडे वाढत जाऊन ती जातात, हे त्यांनी दाखवलं. मग त्यांनी ठरवलं की कृत्रिम वेदना बनवायची. हातमोज्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले, दाब वाढला की कानात आवाज. रुग्णांनी दुर्लक्ष केलं. दिवे लावले, त्यांकडेही दुर्लक्ष. शेवटी बगलेत, जिथे संवेदना शाबूत होती तिथे, विजेचा झटका द्यायची सोय केली. तेव्हा रुग्ण काय करत? पाना जोरात पिळायचा असेल की यंत्र बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा चालू करायचे. हे रुग्ण बुद्धीनं तुमच्याआमच्यासारखेच. धोका काय, तो कुठे, का, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. नव्हती ती फक्त बंद न करता येणारी वेदना. प्रकल्प गुंडाळावा लागला.

म्हणून माझं मत असं बनलंय की जाणिवेचं पहिलं काम हुशारी पुरवणं हे नसावंच. ज्या प्राण्याला एकाच वेळी दहा गोष्टी हव्या असतात आणि जो स्वतःच्या सवयी मोडू शकतो, त्याच्या मनात एखादी गोष्ट टाळता न येण्याइतकी महत्त्वाची करणं, हे ते काम. भूक, वेदना, धाप यांच्याशी वाद घालता येतो, पण त्या नाहीतच असं समजून फार वेळ चालता येत नाही.

आता यंत्राकडे या. ठरवून दिलेलं काम करणाऱ्या यंत्राला याची गरज नाही. तापमान वाढलं की थांब, असं तारेतच बसवता येतं. त्याला कळ बंद करायचा मोह होणार कुठून? पण उद्या एखादं यंत्र स्वतःची उद्दिष्टं ठरवू लागलं, स्वतःचे नियम बदलू लागलं, तर ते ब्रँडच्या रुग्णांच्या जागी येऊन बसेल. धोक्याची घंटा कामात आड आली की घंटाच काढून टाकेल. तिथे वेदनेसारखं काहीतरी, म्हणजे यंत्राला स्वतःच्या हातानं उपटता येणार नाही असं, लागेल असं मला वाटतं. माझं सरळ उत्तर डळमळतं ते इथे. ते 'काहीतरी' आतून वाटेलच असंही नाही.

आणि वाटलं तर ओळखणार कसं? बोलण्यावरून तर मुळीच नाही. मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध दिलेला पेशंट गप्पा मारतो, सांगितलं की कुशीवर वळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. उलट बाजूला, स्नायू शिथिल करणारं औषध चढलेला माणूस क्वचित आतून जागा राहतो आणि बोटसुद्धा हलवू शकत नाही. आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट भीती ही. बोलणं आणि जाणीव यांची फारकत किती सहज होते ते आम्ही कामावर बघतो. २०२२ मध्ये गुगलच्या एका इंजिनिअरनं लॅम्डा हे त्यांचं संभाषण करणारं यंत्र सजाण असल्याचा दावा केला, तो मुख्यतः त्याच्याशी झालेल्या संभाषणांवरून. पण माणसांचं लिखाण वाचवून तयार केलेलं यंत्र 'मला भीती वाटते' म्हणणारच. आपणच ते हजारदा लिहून ठेवलंय. २०२३ मध्ये काही तत्त्वज्ञ आणि वैज्ञानिकांनी बोलणं बाजूला ठेवून यंत्राची आतली रचना तपासायला १४ निकष सुचवले. तेव्हाचं कुठलंही यंत्र सजाणतेचा भक्कम उमेदवार ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पद्धत म्हणून मला ही वाट बरी वाटते.

जाता जाता, थॉमस मेट्झिंगर या जर्मन तत्त्वज्ञानं २०२१ मध्ये मागणी केली होती की यंत्रात जाणीव निर्माण करू पाहणाऱ्या संशोधनावर २०५० पर्यंत जगभर बंदी असावी, कारण जाणीव आली की यातनाही येऊ शकते. २०५० हे साल ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, आणि बंदी पाळणार कोण हेही कळत नाही. पण माझा कौल त्याच बाजूला आहे. भुलीत एखादा पेशंट आतून जागा राहिला तर निदान नंतर तो सांगू तरी शकतो. यंत्रानं सांगितलं तर त्यावर विश्वास का ठेवायचा, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.